पन्नाशीनंतर हातांवर उभं राहायला शिकताना



बीपी, शुगर, थायरॉइड आणि ॲसिडिटी यांना आज सुट्टी. आजचा विषय उलटा आहे, अगदी शब्दशः. पाय वर, डोकं खाली आणि अंगाचं सगळं वजन दोन तळहातांवर. याला हँडस्टँड म्हणतात. अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गात हेच अधोमुख वृक्षासन असतं, म्हणजे खाली तोंड केलेलं झाड. डोक्यावर उभं राहायचं ते शीर्षासन वेगळं. डॉक्टरच्या नजरेने या दोघांत बराच फरक आहे, त्यावर पुढे येतेच.

मी चोपन्न वर्षांची आहे आणि गेले चौदा महिने हे शिकते आहे. भिंतीचा आधार सोडून सध्या तीन-चार सेकंद उभी राहते, एखाद्या सकाळी सहा. आकडा आधीच सांगून टाकला, म्हणजे पुढचं वाचताना ‘मॅडम आता सर्कशीत निघाल्या’ अशी कुणाची समजूत व्हायला नको. क्लिनिकमध्ये ही बातमी फुटल्यापासून मला दोन प्रकारचे पेशंट भेटतात. एक म्हणतात, ‘या वयात कशाला हे?’ दुसरे म्हणतात, ‘मीही उद्यापासून सुरू करतो.’ हा लेख दोघांसाठी आहे, पण जास्त काळजी मला दुसऱ्यांची वाटते.

कशाला, हे आधी

माझी पाळी पन्नासाव्या वर्षी बंद झाली. त्यानंतर दोन वर्षांनी मी डेक्सा स्कॅन करून घेतला. हा हाडांची घनता मोजणारा स्कॅन. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. तरुण, निरोगी माणसाच्या हाडांच्या तुलनेत तुमची हाडं कुठे आहेत, हे तो सांगतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. माझा खुब्याचा आकडा उणे १.७ आला.

हा आकडा रोज पेशंटच्या कागदावर वाचते, ‘घाबरू नका’ असं सांगते आणि ते खरंच असतं. पण माझ्या बाबतीत त्या कागदामागे आई उभी होती. आई एकोणसत्तर वर्षांची असताना न्हाणीघरात घसरली. पडताना माणूस हात पुढे करतो, तसा तिने केला, आणि मनगट मोडलं. या फ्रॅक्चरला कॉलीज फ्रॅक्चर म्हणतात. साठी-सत्तरीच्या बायकांमध्ये ते इतकं नेहमीचं आहे की हाताचा आकार बघूनच डॉक्टर ओळखतात. सहा आठवडे प्लास्टर होतं, हाड व्यवस्थित जुळलं. त्यानंतर आई मंडईत जायची थांबली. मग देवळात. मग जिना उतरायची थांबली. दुखत काहीच नव्हतं, भीती वाटत होती. चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू बारीक होतात, स्नायू गेले की तोल जातो, आणि तोल गेला की आधीची भीती खरी ठरते. शहात्तराव्या वर्षी रात्री बाथरूमला जाताना ती पुन्हा पडली. या वेळी खुबा. ऑपरेशन झालं, आता ती वॉकर घेऊन घरात फिरते.

आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल तर मुलांचा धोका वाढतो. फ्रॅक्चरचा धोका मोजायची फ्रॅक्स नावाची एक पद्धत आहे, तिच्या प्रश्नावलीत हा स्वतंत्र प्रश्न आहे. मी माझी माहिती भरली. औषध लगेच सुरू करण्याइतका धोका निघाला नाही. उरल्या त्या नेहमीच्या गोष्टी. आहारातून कॅल्शियम, तपासून व्हिटॅमिन डी, आणि वजन उचलण्याचा व्यायाम.

वजन उचलण्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला ‘आता जपून, जड उचलू नका’ असंच सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या बायकांना त्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी जवळपास ३ टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती एक टक्क्याच्या आसपास घटली. देखरेखीखाली, हा शब्द कृपया सोडून वाचू नका.

त्या अभ्यासात हँडस्टँड नव्हता. त्यामुळे हाडांसाठी मी वजनं उचलते, आणि हँडस्टँड हाडांचं औषध म्हणून मी कुणालाही सांगत नाही. त्याकडे मी वेगळ्या वाटेने आले. आमच्या गावातल्या व्यायामशाळेत एक पंचविशीची मुलगी शिकवते. स्वतः लहानपणापासून दोरीचा मल्लखांब करणारी. पहिल्या दिवशी तिने मला गुडघ्यांवर रांगायच्या स्थितीत बसवलं, तळहात जमिनीवर टेकवायला लावले आणि म्हणाली, ‘मॅडम, आता वजन हातांवर घ्या, थोडं पुढे झुका.’ वीस सेकंदांत मनगटं कुरकुरायला लागली. मी हिशेब केला. गेल्या तीस वर्षांत या हातांनी काय उचललं? पेन, स्टेथोस्कोप, मोबाइल, भाजीची पिशवी. अंगाचं वजन त्यांच्यावर कधी आलंच नव्हतं. आणि पडताना मात्र मी त्यांच्याकडून अशी अपेक्षा करणार, की एका क्षणात सगळं वजन झेला.

हँडस्टँड शिकल्याने न्हाणीघरात पडणं टळत नाही, त्यासाठी रबरी पट्टी आणि पकडायला दांडा लागतो. पण हातांवर वजन घेणं, खांदे मजबूत ठेवणं, आणि तोल गेला तरी पुढे काय करायचं हे अंगाला माहीत असणं मला हवं होतं. सर्वात जास्त हवं होतं ते हे शेवटचं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, ‘मनगट मोडून घेतलंस तर ओपीडी कोण बघणार?’ प्रश्न चोख आहे. चौदा महिने मी ज्या क्रमाने गेले तो क्रम या प्रश्नामुळेच आखला गेला.

डोकं खाली गेल्यावर आत काय होतं

आपण उभे असतो तेव्हा मेंदू हृदयाच्या वर असतो. रक्त वर चढवावं लागतं, म्हणून वर जावं तसा दाब कमी होतो. साधारण दर १३ सेंटिमीटरला १० मिमी पारा इतका. हृदयापासून मेंदूपर्यंत ३० सेंटिमीटर धरले, तर दंडावर १२० मोजलेला दाब मेंदूपाशी पंचविसेकने कमी असतो. उलटं झालं की हाच हिशेब फिरतो, आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्यांत दाब तितकाच जास्त होतो. चेहरा लाल होणं, कपाळावरच्या शिरा फुगणं, डोळे तटतटल्यासारखे वाटणं, हे सगळं याचमुळे.

मग ‘उलटं झाल्याने मेंदूला भरपूर रक्त मिळतं, बुद्धी वाढते, केस काळे राहतात’ याचं काय? मेंदूला रक्त ढकललं म्हणून तो जास्त घेत नाही. त्याच्या रक्तवाहिन्या दाब वाढला की आकुंचन पावतात, कमी झाला की रुंदावतात, आणि मिनिटाला साधारण पाऊण लिटर हा पुरवठा बऱ्यापैकी स्थिर ठेवतात. निरोगी माणसात दाबाच्या चांगल्या मोठ्या पट्ट्यात हे काम आपोआप चालतं. तेव्हा बुद्धीसाठी उलटं होऊ नका. केसांबद्दल तर माझाच भांग बघा.

मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब मोजणारे सूक्ष्म पहारेकरी असतात. दाब वाढल्याचं त्यांना कळतं आणि ते हृदयाला सावकाश चालायला सांगतात. पण त्याच वेळी खांदे, हात, पोट जोर लावत असतात, त्यामुळे नाडी वाढते. नवशिक्या माणसाची तर वाढतेच. शिवाय नवशिका माणूस श्वास रोखून धरतो. श्वास रोखून जोर लावला की छातीतला आणि पोटातला दाब एकदम चढतो, रक्तदाब उसळतो. बद्धकोष्ठ असलेल्या पेशंटना ‘कुंथू नका’ असं का सांगतो, त्याचं कारण हेच. माझी शिक्षिका मला उलटं असताना आकडे मोठ्याने मोजायला लावते. बोलताना श्वास रोखता येत नाही, इतकी साधी युक्ती.

खाली आल्यावर ताडकन उभं राहायचं नाही. गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवायचं, अर्धा मिनिट तसंच थांबायचं. नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या गोळ्या चालू असतील, किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी असेल, तर ही अंधारी जास्त येते.

आता डोळ्यांबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

माझे एक पेशंट, निवृत्त मुख्याध्यापक. वीस वर्षं रोज पहाटे दहा मिनिटं शीर्षासन. मी हातांवर उभं राहायला शिकते आहे हे कळल्यावर ते खूश होऊन आले. म्हणाले, ‘डॉक्टर, आता आपली जात एक झाली.’ मी विचारलं, ‘सर, डोळ्यांचा दाब शेवटचा कधी तपासला?’ ते म्हणाले, ‘मला उत्तम दिसतं. पेपर चष्म्याशिवाय वाचतो.’ त्यांच्या मोठ्या भावाला काचबिंदू होता, हे माझ्या कागदांत नोंदलेलं होतं. मी त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. दाब वाढलेला निघाला आणि डाव्या डोळ्याच्या नजरेचा कडेचा भाग थोडा गेलेला होता. काचबिंदू असाच चोरपावलांनी येतो. मधली नजर शाबूत असते, कडेची जात राहते, आणि माणसाला वाटतं सगळं छान दिसतंय.

डोळ्यातला दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिमी पारा असतो. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली शीर्षासन करणाऱ्या योगसाधकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आसन चालू असताना हा दाब जवळपास दुप्पट झालेला आढळला. निरोगी डोळा तो काही काळ सोसतो आणि खाली आल्यावर दाब उतरतो. पण ज्याच्या डोळ्याची नस आधीच दाबाने झिजते आहे, त्याने रोज दहा मिनिटं दाब दुप्पट करणं म्हणजे झिजेला हातभार. नेत्रतज्ज्ञांनी त्यांना शीर्षासन बंद करायला सांगितलं आणि थेंब सुरू केले.

सर आठवड्याने परत आले ते रागावूनच. ‘वीस वर्षांत मला सर्दी झाली नाही, डॉक्टर. आणि तुम्ही लोक ते बंद करता?’ आसन बंद करणं त्यांना आजारापेक्षा जास्त लागलं होतं. मी त्यांना आकृती काढून दाखवली, डोळ्याची नस कुठे आहे, दाब कुठे येतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, हे दोनदा सांगितलं. ते ऐकून न बोलता उठून गेले. पुढच्या महिन्यात थेंबांची चिठ्ठी आणि प्राणायामाबद्दलचे चार प्रश्न घेऊन आले, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

हातांवर उभं राहा की डोक्यावर, डोळ्याला फरक पडत नाही. डोकं हृदयाखाली गेलं की दाब वाढतोच. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या कुणीही उलटं होण्याआधी डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा, घरात काचबिंदू असेल तर नक्कीच. मधुमेहामुळे पडद्यावर रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील किंवा चष्म्याचा उणे नंबर खूप मोठा असेल, तर नेत्रतज्ज्ञाने हो म्हटल्याशिवाय नको. मीही पहिल्या धड्याच्या आधी डोळे तपासून आले.

मानेचं मात्र वेगळं आहे. शीर्षासनात वजनाचा काही भाग मानेच्या मणक्यांवर येतो. पन्नाशीनंतर एक्स-रे काढला तर मानेची झीज बहुतेकांत दिसते, आणि हाडं विरळ असतील तर त्या मणक्यांवर वजन घ्यायची माझी तयारी नाही. हँडस्टँडमध्ये मान मोकळी लटकते. वजन मनगटं, कोपरं आणि खांद्यांवर जातं. मोडलं तर मनगट मोडेल, मान नाही, इतका रोखठोक विचार करून मी हे निवडलं.

पाय वर करण्याआधीचे चार महिने

पहिले दोन महिने माझे पाय जमिनीवरून सुटलेच नाहीत. तळहाताच्या मागे आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात, आणि हँडस्टँडमध्ये मनगट जवळपास काटकोनात मागे वळावं लागतं. आपल्यातल्या बहुतेकांचं ते आपण होऊन सत्तर अंशांच्या आसपासच वळतं, बाकीचं वजनाखाली हळूहळू मिळवावं लागतं. रांगायच्या स्थितीत पुढे-मागे झुलणं, तळहात टेकलेले ठेवून एकेक बोट उचलणं, हात उलटे टेकवून हलकं ताणणं, असं रोज दहा मिनिटं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या आणि अस्थिबंध यांना महिने लागतात, आणि पाळी गेल्यावर ते आणखी रेंगाळतात. त्यामुळे ‘जमतंय’ असं वाटलं तरी थांबायचं, हा या टप्प्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम. उजवं मनगट कुरबुर करायचं, तर शिक्षिकेने तळहाताच्या टाचेखाली एक तिरकी फळी दिली. कोन कमी झाला आणि कुरबुर थांबली.

खांद्यांची एक चाचणी तुम्ही आत्ता करून बघू शकता. पाठ, कंबर आणि डोकं भिंतीला टेकवून उभे राहा. कोपरं सरळ ठेवून दोन्ही हात समोरून वर न्या आणि अंगठे भिंतीला टेकवा. कंबर भिंतीपासून सुटता कामा नये. माझे अंगठे भिंतीपासून चार बोटं दूर राहिले. खुर्चीत बसून पुढे वाकून काम करणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं. खांदा पूर्ण वर उघडत नसेल तर उलटं झाल्यावर शरीर ती कसर कमरेतून काढतं आणि पाठीची कमान होते. ‘मॅडम, केळं झालंय तुमचं,’ असं मला आठवड्यातून चार वेळा ऐकावं लागायचं. हात वर नेताना खांदा अडकत आणि रात्री दुखत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. चाळीस ते साठ वयाच्या बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त आढळतो. अशा खांद्यावर उभं राहायचं नसतं. आधी उपचार.

मग भिंत आली. भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसायचं, टाचा जिथे येतील तिथे हात टेकवायचे, आणि भिंतीकडे पाय करून पावलं भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत चढवायची. अंगाचा काटकोन होतो. बरंचसं वजन हातांवर, थोडं भिंतीवर. यात मला पहिल्यांदा कळलं की खांदे कानांकडे ढकलायचे असतात, जमीन आपल्यापासून दूर लोटायची असते. पाठीवरचे खवाटे पसरतात आणि वर सरकतात. हे एकदा जमलं की हात लटपटत नाहीत.

उतरणं

पाचव्या महिन्यात मला वाटलं आता पाय झटकून वर जायचं. शिक्षिका म्हणाली, ‘नाही. आता तीन आठवडे फक्त पडायचं.’

तिच्या मैदानावर सात-आठ वर्षांची मल्लखांबाची मुलं हाच धडा खेळता खेळता घेतात. मला तो सावकाश, जाड गादीवर, एकेक पाऊल मोजत घ्यावा लागला. उलटं असताना तोल पाठीच्या बाजूला गेला तर एक हात थोडा पुढे टाकायचा, कंबर त्या बाजूला वळवायची, आणि पाय एकामागून एक बाजूला जमिनीवर आणायचे. बस्स. आधी पाय गुडघ्याच्या उंचीला असताना, मग कमरेच्या, मग पूर्ण वर. दोन्ही बाजूंना. इतरांना ती कोलांटी घेऊनही उतरायला शिकवते. मला मी स्वतः ते वर्ज्य करायला सांगितलं. हाडं विरळ असतील तर पाठ गोल करून तिच्यावर भार टाकणं टाळावं, मणक्याचा पुढचा भाग दबून फ्रॅक्चर होऊ शकतो. तुमचा डेक्सा माझ्यासारखा असेल तर तुमच्या शिक्षकांना हे आधी सांगा. त्यांना तुमच्या बाहेरून मणके दिसत नाहीत.

त्या तीन आठवड्यांच्या आधी, भिंतीपाशी पाय झटकायला गेले की उजवा पाय जमिनीवरून सुटतच नसे. मी सुटवायचा म्हणायचे, तो नाही म्हणायचा. धीर धरून, दात आवळून काही होत नव्हतं. शिक्षिकेने कधी ‘घाबरू नका’ म्हटलं नाही, हे मला आता लक्षात येतं. दोन्ही बाजूंना उतरता यायला लागलं आणि पाय आपला आपण सुटला. पहिल्या दिवशी टाचा भिंतीला लागल्याचा आवाज आला तेव्हा मला एकदम आई आठवली. मनगट जुळल्यावर आम्ही सगळ्यांनी, मी डॉक्टर असून मीही, तिला धीर दिला होता. फिजिओथेरपीत मनगटाचे व्यायाम झाले. पडल्यावर जमिनीवरून कसं उठायचं, हे तिच्याकडून करून घ्यायची पद्धतच आमच्याकडे नव्हती. आता मी पडून आलेल्या प्रत्येक ज्येष्ठ पेशंटला फिजिओथेरपिस्टकडे पाठवताना चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहिते: जमिनीवर बसणे व उठणे, सराव करून घ्यावा.

तोल कुठून येतो, हे मजेशीर आहे. सरळ उभे असताना आपण घोट्यांतून बारीक बारीक दुरुस्त्या करत असतो. उलटं झाल्यावर ते काम मनगटं आणि बोटं करतात. शरीर पाठीकडे कलंडायला लागलं की बोटांची टोकं जमिनीत रोवायची, ते परत येतं. पायांकडे परत यायला लागलं की भार तळहाताच्या टाचेकडे द्यायचा, पण यात वाव कमी असतो, बहुतेकदा पाय खालीच येतात. कानाच्या आतल्या भागात गुरुत्वाकर्षण ओळखणारे कण असतात. आयुष्यभर त्यांनी एकाच दिशेला ‘खाली’ म्हटलेलं असतं, आता ते उलट सांगतात आणि मेंदूला नवा हिशेब जुळवावा लागतो. डोळे त्याला मदत करतात, म्हणून दोन हातांच्या मध्ये जमिनीवर एक खूण करून तिथेच बघायचं. हा हिशेब थोडा थोडा आणि वारंवार केल्याने पक्का होतो. रविवारी एक तास करण्यापेक्षा आठवड्यातून पाच दिवस दहा मिनिटं बरी.

कुणी करू नये, आणि त्याऐवजी काय

काचबिंदू आणि पडद्याचे आजार झाले. शिवाय ताब्यात नसलेला रक्तदाब, पूर्वी पक्षाघात किंवा त्याची चाहूल, अलीकडे हृदयविकाराचा झटका, मणक्याचं फ्रॅक्चर किंवा ऑस्टिओपोरोसिस, चक्कर येण्याचा आजार, छातीत जळजळ करणारा हर्निया, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, आणि गरोदरपणात नव्याने सुरुवात. यातलं काही असेल तर उलटं होऊ नका. बाकीच्यांनी बीपी, डोळे, आणि पाळी गेलेल्या बायकांनी हाडांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलून, शिकवणाऱ्या माणसासमोर सुरुवात करावी. मोबाइलवर व्हिडिओ लावून घरच्या गुळगुळीत फरशीवर, एकट्याने, नको. जेवणानंतर तीन तास तर नकोच.

ज्यांना उलटं व्हायचंच नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. हातांवर वजन घ्यायला त्याची गरज नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेला दोन्ही तळहात टेकवा, पावलं दोन फूट मागे न्या, अंग फळीसारखं सरळ ठेवा. कोपरं वाकवत छाती ओट्याकडे न्या आणि परत लोटा. हे ओट्यावरचे दंड. आठ वेळा जमले तर उत्तम, तीन जमले तर तीन. माझी आई वॉकर बाजूला ठेवून, शेजारी कुणीतरी उभं असताना, सहा करते. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा. ओट्याचंही जड वाटलं तर आधी भिंतीवर करा. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एकेक दिवस विश्रांती. आणि ओटा ओला असेल तर आधी पुसून घ्या.